वाकता येणारे चिलखत

पार्सल शहापूरला माझ्या खोलीवर आले तेव्हा जून संपत आला होता आणि माहुलीचा किल्ला आठवडाभर ढगात बुडालेला होता. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, तू उघडू नकोस. आजीकडे घेऊन ये." शनिवारी दुपारी खोका दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मी किन्हवली-सरळगावमार्गे निघालो. मुरबाड तालुक्यातले आमचे घर काळू नदीच्या अंगाला आहे. बहीण मुरबाडला राहते, पण आवणीच्या दिवसांत लेकाला घेऊन आईकडे येते. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. आईने वय झाले तरी शेत खंडाने दिलेले नाही, आणि आवणीला घरातले माणूस हवे, हा तिचा हट्ट आम्ही दोघांनीही कधी मोडला नाही.

मी पोचलो तेव्हा भाचा पडवीत घोंगडी अंथरून बसला होता. शेजारी वही, पेन्सिल, पट्टी, नेलकटर आणि त्याच्या बाबांच्या हत्यारांतला वायर कापायचा कटर. वर आढ्याला आजीचे पावसात डोक्यावर घ्यायचे इरले टांगलेले. या दोन दिवसांत त्या इरल्याबद्दल आपण इतके बोलू, असे तेव्हा आमच्या कोणाच्याच मनात नव्हते.

खोक्यात एका यंत्रमानवाचे सुटे भाग होते. जपानमध्ये १९७९ साली योशियुकी तोमिनो या दिग्दर्शकाची 'मोबाइल सूट गंडम' नावाची मालिका दूरचित्रवाणीवर आली. प्रेक्षक कमी म्हणून ती ठरलेल्या वेळेआधीच, ४३ भागांत आवरती घ्यावी लागली. मग पुनःप्रक्षेपणातून मुलांनी ती उचलून धरली आणि जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने त्या यंत्रमानवाचा पहिला प्लास्टिक संच बाजारात आणला. माप एकास एकशे चव्वेचाळीस, किंमत ३०० येन. गंडमचे प्लास्टिक मॉडेल म्हणून 'गनप्ला' हा शब्द रूढ झाला आणि आज जगभर लाखो हात हे काम करतात. आमच्या खोक्यातला होता ॲलेक्स, १९८९ सालच्या सहा भागांच्या एका छोट्या मालिकेतला. त्याचे वेगळेपण असे की त्याच्या अंगावर आणखी एक चिलखत चढते आणि हवे तेव्हा उतरते. त्या चिलखताचे नाव चोभम. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात चोभम नावाचे गाव आहे. ब्रिटिशांनी रणगाड्यांसाठी अनेक थरांचे नवे चिलखत तिथल्या संशोधन केंद्रात घडवले, त्यावरून गोष्ट रचणाऱ्यांनी हे नाव घेतले.

भाच्याने त्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते. अशा वस्तू आपल्याकडे महाग पडतात. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी करणाऱ्यांना त्याचा आधार झाला असेल तर ते मला पटते. पण मुरबाडच्या अकरा वर्षांच्या मुलाला दिवाळीची, वाढदिवसाची आणि पाहुण्यांनी हातावर ठेवलेली प्रत्येक नोट जपावी लागली, हेही खरे. उरलेले मी घातले.

खोका उघडला. प्लास्टिकच्या पातळ चौकटी निघाल्या, फांदीला कैऱ्या लगडाव्यात तसे त्यांना सुटे भाग लगडलेले. या चौकटीला रनर म्हणतात. प्रत्येक रनरला एक अक्षर, प्रत्येक भागाला एक आकडा. पुस्तिका जपानी भाषेत, पण चित्रे इतकी बोलकी की भाच्याला भाषेची अडचण जाणवली नाही. डिंक लागत नाही, रंगही लावावा लागत नाही. वेगवेगळ्या रंगांचे प्लास्टिक आधीच ओतलेले असते आणि भाग एकमेकांत दाबले की बसतात. सांध्यांच्या आत मऊ प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या सांध्याला धरूनही ठेवतात आणि फिरूही देतात.

कापण्याचीही रीत आहे. भाग रनरला एका बारीक देठाने चिकटलेला असतो. तो देठ एकदम मुळाशी कापला तर प्लास्टिक ताणले जाते आणि कापल्या जागी पांढरा डाग उठतो, गडद रंगावर तर फारच दिसतो. म्हणून पहिला काप दूर घ्यायचा, भाग हातात मोकळा करायचा, मग दुसरा काप जवळ, आणि उरलेला कंगोरा बारीक पॉलिश पेपरने घासायचा. भाच्याच्या पहिल्या चार तुकड्यांवर डाग पडले. पाचव्यापासून नाही. मी शेजारी बसून नुसता बघत होतो. आई राबातली रोपे उपटताना जे मला लहानपणी सांगायची, तेच हे होते: हिसका देऊ नको, मुळाशी हात ने, आधी सैल कर.

पावसाळ्यात रंगकाम करायचे नाही, हे मात्र मी त्याला बजावले. हवेत इतके बाष्प असते की फवाऱ्याच्या रंगावर पांढुरकी धुरी धरते आणि ती जात नाही. शहापूर-मुरबाडकडच्या जुलैत तर पापडाचा डबा दोनदा उघडला की पापड मऊ पडतात. म्हणून आम्ही फक्त बारीक काळ्या पेनने खोबणी रेखल्या. वीज गेली, आली, पुन्हा गेली. दाराबाहेर पागोळ्या अखंड गळत होत्या. भाचा बॅटरीच्या उजेडात पाऊल जोडत होता.

शिंगांपाशी त्याचे काम थांबले. यंत्रमानवाच्या कपाळावर दोन्ही बाजूंना पसरलेली शिंगे असतात, आणि लहान मुलांना टोचू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना मुद्दाम बोथट तुकडे ठेवलेले असतात. हौशी लोक ते कापून टोके धारदार करतात. भाच्यालाही तसेच करायचे होते. माझे वडील बैलांची शिंगे साळायचे आणि साळून झाली की टोकाला पितळी शेंब्या बसवायचे. मी त्याला ते सांगितले. शिंग रेखीवही दिसले पाहिजे आणि गोठ्यात शेजारच्या बैलाला लागताही कामा नये. त्याने थोडा विचार केला, तुकडे कापले, आणि पॉलिश पेपरने टोके गोल केली. या सबंध संचात त्याने स्वतःच्या बुद्धीने घेतलेला हा पहिला निर्णय, आणि मला तो फार आवडला.

रात्री दहाला शरीर पुरे झाले. पांढरे-निळे, वीतभरही नाही, साडेबारा सेंटिमीटर. मालिकेतला ॲलेक्स अठरा मीटर उंचीचा, त्याला १४४ ने भागले की एवढा उरतो. भाच्याला या भागाकाराचा नाद लागला. दिवाळीत मुरबाडला अंगणात तो किल्ला करतो तेव्हा मावळे दरवाजापेक्षा उंच असतात आणि त्याला त्याचे कधी काही वाटले नव्हते. आता त्याने वहीत माहुलीचे गणित मांडले. किल्ल्याची उंची ८५८ मीटर. या मापात माहुली सहा मीटरला जराशी कमी, म्हणजे आमच्या दारच्या आंब्याएवढी. माणूस सेंटिमीटरभर. "आणि आजीचे इरले?" मी विचारले. त्याने वर पाहिले, अंदाज केला आणि म्हणाला, "नखाएवढे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिलखत. छातीवर एक, पाठीवर एक, दंडावर, खांद्यावर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर. प्रत्येक तुकडा खालच्या अंगाच्या आकाराला धरून कोरलेला, दाबला की टक आवाज करून बसणारा. या संचातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट सांगतो. चिलखत उतरवले की आत पोकळी नाही. आत तितकेच नीट केलेले, तितकेच रेखलेले शरीर आहे. सगळे चिलखत चढवल्यावर त्यातले जवळजवळ काही दिसत नाही, तरी ज्यांनी ते घडवले त्यांनी आतली एक खोबणसुद्धा आळसाने सोडलेली नाही. जत्रेत मिळणाऱ्या रोबोचे चिलखत हेच त्याचे अंग असते, ते फुटले की आत हवा. हा फरक भाच्याला शब्दांत सांगता आला नसता, पण तो चार-पाच वेळा चिलखत काढून चढवून बघत राहिला. त्याच्या बोटांना ते कळले होते.

मग परीक्षा. त्याने वहीत रकाने आखले. उभा राहतो का. एका पायावर राहतो का. हात डोक्यावर जातो का. मान वळते का. गुडघा टेकतो का. गनप्ला करणारे जगभर याच कसोट्या लावतात आणि गुडघा टेकण्याला विशेष मान आहे, कारण त्यात घोटा, गुडघा, मांडी आणि कंबर या चौघांची एकदम परीक्षा होते. चिलखताशिवाय त्याने सगळ्याला भरभरून गुण दिले. चिलखत घालून पुन्हा तेच. उभा राहणे उत्तम, उलट अधिक भारदस्त. मान ठीक. हात खांद्याच्या वर जाईना. गुडघा टेकताना मांडीवरची आणि पोटरीवरची पाटी एकमेकींना भिडली. डाव्या खांद्याचा तुकडा जरा सैल राहिला, पण ती चूक माझी. मदत करायला म्हणून मी त्याची कड जास्त घासली होती. भाच्याने वहीत प्रामाणिकपणे लिहिले, 'डावा खांदा सैल – मामा.'

दुपारी आई शेतातून आली. पाय धुतले, डोक्यावरचे इरले झाडून खुंटीला लावले, चहाचा पेला घेऊन पडवीत टेकली. "बघू रे," म्हणाली. भाच्याने चिलखत घातलेला ॲलेक्स तिच्या हातात दिला.

आईची पाहण्याची तऱ्हा मला ओळखीची होती. पौष पौर्णिमेला आमच्या तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. घोंगड्या आणि गुरांचा बाजार यांसाठी ती दूरवर ठाऊक आहे. लहानपणी मी आईवडिलांबरोबर तिथे जायचो. वडील बैलाचा जबडा उघडून दात मोजत: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. आई दातांकडे बघत नसे. ती मालकाला म्हणे, जरा चालवून दाखवा, आता वळवा, आता बसवा, आता उठवा. बैल बसताना आणि उठताना कसा वागतो, यावरून ती त्याची किंमत ठरवी. उभा बैल सगळ्यांचाच चांगला दिसतो, असे तिचे म्हणणे.

तिने ॲलेक्सला जमिनीवर उभे केले. थोडे दुरून पाहिले. "उभा चांगला राहतो," म्हणाली. "आता ह्याला वाकव."

भाच्याने कंबरेत वाकवायचा प्रयत्न केला. पोटावरची पाटी मांडीवरच्या पाटीला अडली. दहा-पंधरा अंश, पुढे नाही.

"वाकता येत नाय ह्याला," आई म्हणाली. "मग हे अंगावर घालून तो काम कुठलं करतो?"

भाचा म्हणाला, "लढतो."

"लढताना वाकावं लागत नाय?"

याचे उत्तर आम्हा दोघांकडे नव्हते. आई चहा पिऊन आत गेली. तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरोखरच ते जाणून घ्यायचे होते.

मग भाच्याने खुंटीवरचे इरले काढले आणि घोंगडीवर, ॲलेक्सच्या शेजारी ठेवले. मी आजवर ते हजारदा पाहिले असेल, पण एका घडवलेल्या वस्तूकडे पाहावे तसे त्या दुपारी पहिल्यांदा पाहिले. बांबूच्या कामट्यांची विरळ जाळी, तिच्यावर पळसाच्या पानांचा जाड थर, वरून पुन्हा कामट्यांची जाळी, आणि दोन्ही जाळ्या कडेने एकमेकींत आवळून विणलेल्या. सांगाडा आणि कवच. पाने झडली, कुजली की काढायची आणि नवी भरायची, सांगाडा तोच राहतो. आमच्या घरी दर वैशाखात हे काम व्हायचे. पळसाला तोवर नवी पालवी फुटून पाने पुरती रुंद झालेली असतात, आणि मृगाला अजून वेळ असतो.

त्याचा आकार पाहा. डोक्यापाशी खोलगट, मग पाठीवरून खाली उतरत कंबरेच्या पुढे गेलेला, कासवाच्या पाठीसारखा. ताठ उभे राहिलात तर इरले तुम्हाला नकोसे होते. मागे ओढते, कपाळावर येते, दारातून जाताना अडते. ते अंगाला बसते तुम्ही कंबरेत वाकलात की. तेव्हा त्याचा भार मानेवर न राहता सबंध पाठीवर पसरतो, पाणी दोन्ही कडांनी आणि मागून वाहून जाते, आणि खाली दोन्ही हात मोकळे राहतात: एका हातात रोपांची मूठ, दुसरा चिखलात. आवणी करणारी बाई मागे मागे सरकत जाते, तरीही इरले तिच्या पायात येत नाही. हे ज्याने पहिल्यांदा घडवले त्याने आधी काम करणारे अंग पाहिले आणि मग त्या अंगाला बेतून कवच विणले. छत्री उभ्या माणसासाठी असते, रेनकोट चालणाऱ्यासाठी. वाकलेल्या माणसाचा विचार करून केलेली दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

भाच्याने ते डोक्यावर घेतले. त्याला ते फार मोठे होत होते, टाचेपर्यंत आले. तो अंगणात पावसात गेला आणि कंबरेत वाकला. तसाच राहिला. मग थोडा मागे सरकला, पुन्हा वाकला. आत आला तेव्हा केस कोरडे होते आणि डोळे मोठे. "मामा, आत पाऊस ऐकू येतो, पण लागत नाही." त्याने वही उघडली, नव्या पानावर इरल्यासाठी तेच रकाने आखले आणि एक नवा रकाना वाढवला: वाकता येते का. मग मागे जाऊन ॲलेक्सच्या पानावरही तो रकाना जोडला. शहापूरला परतताना त्याची ती दोन पाने माझ्या मनातून जात नव्हती.

आपल्या भाषेत ताठ कण्याचे कौतुक फार. मोडेन पण वाकणार नाही, हे आपण शाळेच्या भिंतीवर लिहितो, भाषणात म्हणतो, मुलांना पाठ करायला लावतो. मीही ते मानत आलो. पण जी माणसे हे भात पिकवतात त्यांचा सबंध आषाढ वाकण्यात जातो, आणि त्यांना कोणी मोडलेले म्हणू धजणार नाही. वाकणे आणि मोडणे यांना आपण एकाच रांगेत बसवले, ही आपली चूक झाली, असे मला आता स्पष्ट वाटते.

एसटीच्या खिडकीतून वासिंदच्या बाजूचे आकाश थोडे मोकळे झाले होते, आसनगाव जवळ येऊ लागले तशी माहुलीची भिंत दिसली आणि तिच्या टोकाला नवरा-नवरीचे सुळके. या किल्ल्याने वाकणे दोनदा पाहिले आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांनी इथे घेरले. निजामशाही वाचवण्याचा त्यांचा शेवटचा डाव इथे संपला, आणि त्यांना किल्ला सोडावा लागला. त्या वेळी जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे त्यांच्याबरोबर माहुलीवर असल्याचे इतिहासकार सांगतात. पुढे जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजीमहाराजांनी २३ किल्ले मिर्झाराजे जयसिंगाच्या हवाली केले आणि स्वतःकडे १२ ठेवले. दिलेल्या तेविसांत माहुली होता. त्या २३ किल्ल्यांकडे मी आजवर गमावलेली गोष्ट म्हणून पाहत होतो. त्या दिवशी मला ते चिलखताचे तुकडे वाटले: जड झालेले, त्या घडीला शरीराला हलू न देणारे. ते उतरवले म्हणून आतले शरीर वाचले, म्हणून आग्र्याहून परत येता आले. १६७० च्या फेब्रुवारीत माहुलीवर पहिला हल्ला झाला आणि तो फसला. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने किल्ला घेतला. उतरवलेला तुकडा पुन्हा अंगावर आला. हेच महाराज प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत आणि पगडीखाली शिरस्त्राण घालून गेले होते. कधी घालायचे आणि कधी उतरवायचे, हे ज्याला कळते त्याला चिलखत शोभते.

ॲलेक्सच्या मूळ गोष्टीतही चिलखत उतरते, आणि ती गोष्ट मी भाच्याला रविवारच्या रात्री सांगितली होती. इथे ती सांगायला हवी, कारण तिच्यावाचून हा संच नुसते प्लास्टिक आहे. अल नावाचा एक मुलगा, भाच्याच्याच वयाचा. त्याला युद्धाचे विलक्षण आकर्षण. त्याच्या शेजारी राहणारी ख्रिस ही गुपचूप ॲलेक्सची चाचणी वैमानिक आहे, आणि अलला ते माहीत नाही. बर्नी हा शत्रुपक्षाचा कोवळा सैनिक अलचा मित्र होतो, मोठ्या भावासारखा. बर्नी आणि ख्रिस यांचीही ओळख होते, दोघे एकमेकांना आवडू लागतात. आधीच्या एका लढाईत ॲलेक्सचे चोभम चिलखत स्फोटांनी फुटून पडते आणि आतला यंत्रमानव धडधाकट उभा राहतो. शेवटच्या लढाईत ॲलेक्स आणि बर्नीचे यंत्र समोरासमोर येतात. एकात ख्रिस, एकात बर्नी, आणि कोणाला ठाऊक नाही समोर कोण आहे. आता या लढाईची गरजच उरलेली नाही, हे कळल्यावर अल धावत सुटतो. तो पोचेपर्यंत उशीर होतो. बर्नी मरतो. ख्रिसला ते कधीच कळत नाही; निरोप घेताना ती अललाच सांगते, बर्नीला माझा नमस्कार सांग.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चिलखतात कोण आहे ते दिसायला पाहिजे होतं."

आई भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "इरल्यात तरी कुठं दिसतं?" आणि मग माझ्याकडे बघून, "पण हा वळखायचा."

ते खरे आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना बांधावर बसून असायचो. खाचरात दहा-बारा बाया रांगेत, सगळ्यांच्या पाठीवर इरली, सगळी सारखी, कोणाचेही तोंड दिसत नसे. दुरून पाहणाऱ्याला ती चिखलात उतरलेली कासवेच वाटली असती. पण मला माझी आई कुठली ते ठाऊक असे. तिची मूठ इतरांपेक्षा लहान असायची आणि हात भरभर चालायचा, तीन रोपे लावली की एक श्वास थांबायची. मी कधीही चुकलो नाही.

सोमवारी सकाळी निघताना मी पाहिले: भाच्याने ॲलेक्स चिलखताशिवाय कोनाड्यात ठेवला होता, कंबरेत वाकलेला, दोन्ही हात खाली. चिलखताचे सगळे तुकडे आजीने दिलेल्या स्टीलच्या डब्यात होते. संचाबद्दल माझे मत विचाराल तर तो उत्तम आहे. त्याची पावले भक्कम आहेत, सांधे घट्ट आहेत, आतले शरीर बाहेरच्या चिलखताइतकेच मन लावून घडवलेले आहे, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या हाताला तो धीर शिकवतो. गुडघ्याला आणि कंबरेला चिलखत अडते, तेवढे गुण कापावे लागतील.

आईचे इरले आता जुने झाले आहे. ते ज्यांनी विणले ते आता हयात नाहीत. खाचरात आता बहुतेक बाया प्लास्टिकच्या कागदाची खोळ घेतात. ती हलकी आणि स्वस्त, हे मान्यच. पण ती पाठीला चिकटते, आत घाम साचतो, वाऱ्याने उडते, आणि दोन पावसाळ्यांत फाटून बांधावर पडते. पलीकडच्या पाड्यावर एक जण अजून इरली विणतो, आधी सांगून ठेवले तर वैशाखात करून देतो. भाच्याने आपल्या पाठीचे माप पट्टीने घेऊन त्याच्याकडे पाठवले आहे, वहीच्या पानावर आकृती काढून, मिलिमीटरसकट. तुमच्या गावात इरले विणणारा कोणी हयात असेल तर येत्या वैशाखात त्याच्याकडे जा, एक इरले सांगा, आणि तो विणायला बसेल त्या दिवशी घरातल्या मुलाला त्याच्यासमोर नेऊन बसवा.